बिअर तिकडची, ऊन इकडचे

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा ज्यांना परवडते ते युरोपची टूर करून येतात. ज्यांची मुले जर्मनी, इंग्लंड किंवा आयर्लंडमध्ये नोकरीला आहेत, ते आईवडील दोन-तीन महिने तिकडेच काढतात. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर मंडळी परततात. चॉकलेट वाटून झाले, मोबाइलवरचे फोटो दाखवून झाले, की पुरुषांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तिकडे तर बिअर पाण्यासारखी पितात भाऊ, अन् काही होत नाही कोणाले.’

हे वाक्य अर्धे खरे आहे. तिकडे बिअर उघडपणे, घरातल्या मोठ्यांसमोर आणि जेवणासोबत प्यायली जाते, हे खरे. ‘काही होत नाही’ हे मात्र खरे नाही. आणि तिकडे जे थोडे कमी होते, त्याचे कारण बिअर या शब्दात नाही. ते आहे पेयाच्या तीव्रतेत, ग्लासाच्या मापात, पिण्याच्या वेगात, हवेत आणि घरी परतण्याच्या वाटेत. यांतले काहीही सामानाच्या बॅगेतून वऱ्हाडात येत नाही. सीमाशुल्काच्या नियमाप्रमाणे परदेशातून परतताना दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते. गैरसमजांना मात्र अशी मर्यादा नाही.

शहरातली आणि खेड्यातली

परदेशात बिअरच्या शौकिनांचे दोन तट असतात. एकांना म्युनिक, प्राग, लंडन, ब्रसेल्स अशी मोठी शहरे हवी असतात, तर दुसऱ्यांना खेडी. आरोग्याच्या दृष्टीने ही तुलना उपयोगाची आहे, कारण शहर आणि खेडे यांतला फरक केवळ चवीचा किंवा किमतीचा नाही.

म्युनिकचा ‘ऑक्टोबरफेस्ट’ १८१० पासूनचा. तिथे बिअर एक लिटरच्या जाड काचेच्या मगातून मिळते आणि ती खास उत्सवासाठी केलेली, साधारण सहा टक्के अल्कोहोलची असते. टीव्हीवर दिसते ती हीच आणि पर्यटकांच्या फोटोतही हीच. पण त्याच बव्हेरिया राज्याच्या उत्तरेला, फ्रँकोनियाच्या टेकड्यांत आउफसेस नावाचे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्याही आत, म्हणजे चांदूर बाजार तालुक्यातल्या एखाद्या मध्यम गावाएवढी. एवढ्याशा गावात आणि त्याच्या वाड्यांत बिअर गाळणारे चार छोटे कारखाने आहेत. लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक कारखान्यांचे गाव म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. या चारांना जोडणारी पायवाट आहे. लोक येतात ते चालायला. चालताना मध्ये बसतात, डुकराच्या मांसाचा रस्सा किंवा पाव-चीज खातात, अर्धा लिटर घेतात, पुन्हा चालू लागतात.

चेक प्रजासत्ताकात दरडोई बिअरचा खप जगात सर्वाधिक आहे. तिथल्या खेड्यातल्या खानावळीत सर्रास मिळते ती ‘दहा अंशां’ची बिअर. पहिल्यांदा गेलेला पर्यटक ‘दहा’ आणि ‘बारा’ हे आकडे वाचून घाबरतो किंवा हरखतो. पण ते अल्कोहोलचे प्रमाण नव्हे. आंबवण्यापूर्वी काढ्यात किती साखर होती याचे ते माप आहे. दहा अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल जेमतेम चार टक्के असते. १८४२ मध्ये पिल्झेन शहरात जन्मलेली आणि पुढे जगभर नक्कल झालेली सोनेरी बिअरही ४.४ टक्क्यांचीच आहे.

इंग्लंडच्या खेड्यातला पबही असाच. तिथली जुन्या पद्धतीची ‘बिटर’ साडेतीन ते चार टक्क्यांची. उलट लंडनमधल्या नव्या फॅशनच्या ठिकाणी सहा-सात टक्क्यांच्या बिअर सहज मिळतात. त्या अर्धा किंवा एकतृतीयांश पाइंटमध्ये घ्यायच्या असतात. हे न कळलेला पाहुणा पूर्ण पाइंट मागवतो आणि खेड्यातल्या दोन ग्लासांएवढे अल्कोहोल एकाच ग्लासात पोटात घालतो.

खेडे म्हणजे नेहमी सौम्य, असेही नाही. बेल्जियममध्ये सर्वांत कडक बिअरपैकी काही खेड्यातल्या मठांतून येतात. वेस्टव्हलेटरेन मठाची एक बिअर १०.२ टक्क्यांची आहे. पण तिची बाटली ३३० मिलिलिटरची, पेला रुंद तोंडाचा, आणि ती घोट घोट घेण्याचा रिवाज. तीव्रता वाढली की माप लहान होते, हा साधा नियम तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे.

वऱ्हाडात नेमके याच्या उलट घडते. तीव्रता वाढली, तरी माप मोठेच राहते.

ग्रॅमचा हिशेब

आपल्याकडच्या बिअर शॉपीत मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते. देशात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतांश ‘स्ट्राँग’ असते, आणि नियमानुसार तिच्यात आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते. एका मिलिलिटरचे वजन सुमारे ०.७९ ग्रॅम भरते. आता हिशेब सोपा आहे.

चेक खेड्यातला अर्धा लिटरचा ग्लास : सुमारे १६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. इंग्लंडच्या खेड्यातला पाइंट : सुमारे १७ ग्रॅम. आउफसेसचा अर्धा लिटर, पाच टक्क्यांचा : सुमारे २० ग्रॅम. मठातली १०.२ टक्क्यांची छोटी बाटली : सुमारे २७ ग्रॅम. आणि अकोल्यात मिळणारी आठ टक्क्यांची मोठी बाटली : ४१ ग्रॅम.

तुलनेसाठी, व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका ‘लार्ज’ पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे ‘मी दारू पीत नाही, फक्त एखादी बिअर घेतो’ असे सांगणारा माणूस एका बाटलीत दोन लार्ज पेग रिचवतो. यकृताला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही. त्याच्यापर्यंत फक्त ग्रॅम पोहोचतात.

वेगाचाही प्रश्न आहे. फ्रँकोनियातल्या खेड्यात शेजारच्या टेबलावर आजी बसलेली असते, नातवंडे खेळत असतात आणि अर्धा लिटर संपायला तास जातो. वऱ्हाडातल्या खेड्यात बिअर बहुतेक वेळा लपून प्यायली जाते. धाब्याच्या मागे, शेताच्या धुऱ्यावर किंवा मोटारसायकल आडोशाला लावून. लपून प्यायचे म्हणजे लवकर संपवायचे, आणि बहुधा रिकाम्या पोटी. रिकाम्या पोटी अल्कोहोल आतड्यात लवकर पोहोचते आणि रक्तात झपाट्याने चढते. सोबतीला तिकडे भाजलेला पाव असतो, इकडे खर्रा. तंबाखू आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढतो. अल्कोहोलमुळे तोंडाच्या आतल्या पेशींचे संरक्षण कमी होते आणि तंबाखूतली विषे अधिक आत शिरतात. विदर्भात तोंडाच्या कर्करोगाचे दुखणे घरोघरी माहीत असताना ही जोडी ‘टाइमपास’ म्हणून खपते, हे भयंकर आहे.

आणि म्हणून तिकडची बिअर निर्धोक ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. आउफसेसच्या पायवाटेवर चारही ठिकाणी अर्धा-अर्धा लिटर घेणारा माणूस ८० ग्रॅमच्या आसपास जातो. टेकडीवरची हवा कितीही शुद्ध असली, तरी हा आकडा कमी होत नाही.

घरी कसे जायचे?

म्युनिक किंवा प्रागमध्ये पिणारा माणूस भुयारी रेल्वेने किंवा ट्रामने घरी जातो, आउफसेसचा माणूस चालत. खेडी विखुरलेली आणि वाहनांची सोय तुटपुंजी असेल तर काय होते, याचे उदाहरण आयर्लंडमध्ये सापडते.

आयर्लंडने २०११ मध्ये वाहनचालकांसाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली. डब्लिनकरांना त्याचे फारसे काही वाटले नाही. पण पश्चिमेकडच्या केरी परगण्यात आडरानात राहणारे म्हातारे शेतकरी पबला मुकले. पब हेच त्यांचे चार माणसांत बसण्याचे एकमेव ठिकाण होते. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या कौन्सिलने चक्क ठराव केला, की अशा एकाकी लोकांना दोन-तीन ग्लास घेऊनही सावकाश गाडी चालवत घरी जाण्याचा परवाना द्यावा. देशभर टीका झाली आणि सरकारने मागणी मानली नाही. २०१८ मध्ये कायदा आणखी कडक झाला. त्याच वर्षी ग्रामीण भागात संध्याकाळच्या आणि रात्रीच्या बस प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यात आल्या. एकाकीपणाचे दुखणे खरे होते, म्हणून त्यावर बसचा उपाय निघाला. पिऊन गाडी चालवण्याची सूट हा उपाय मानला गेला नाही.

भारतात ही मर्यादा आयर्लंडपेक्षा कडक आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी आठ टक्क्यांची एक मोठी बाटली झटपट संपवली, तर ढोबळ गणिताने त्याचे प्रमाण ८० च्या वर जाऊ शकते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. शरीर ताशी साधारण १५ ते २० मिलिग्रॅमच्या वेगाने अल्कोहोल कमी करते. लिंबू, ताक, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. म्हणजे एका बाटलीनंतर कायद्याच्या मर्यादेत यायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. चेक खेड्यातला चार टक्क्यांचा एक ग्लासही भारतीय मर्यादेच्या काठावर नेतो. ‘एकच घेतली’ हा बचाव गणितात टिकत नाही.

अमरावती आणि अकोला यांना जोडणाऱ्या महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये सुमारे १०५ तासांत डांबरी करून विक्रम झाला. रस्ता चांगला झाला की वेग वाढतो आणि चुकीला क्षमा उरत नाही. महामार्गालगतच्या दारू दुकानांवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ५०० मीटरचे बंधन घातले; पुढे महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत त्यातून सवलत मिळाली. दुकान कुठे असावे यावर इतकी वर्षे वाद झाला. पिणाऱ्याने घरी कसे जावे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. शनिवार-रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या गाड्यांकडे पाहिले, की हा प्रश्न किती निकडीचा आहे हे कळते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गेली अनेक दशके दारूबंदी आहे. तिथल्या शौकिनांसाठी वर्धा नदीच्या अलीकडचा अमरावती जिल्हाच ‘परदेश’ ठरतो आणि परतीचा प्रवास अंधारात, दुचाकीवर होतो. धामणगाव असो की मूर्तिजापूर, रात्री दहानंतर आडगावात नेणारी एसटी मिळणे कठीण. मग पिणाऱ्याच्या हातात मोटारसायकलची किल्लीच उरते.

पंचेचाळीस अंशांत ‘थंडावा’

‘उन्हाळ्यात बिअर थंड असते’ हा दुसरा समज. घशाला थंड लागते, एवढाच त्याचा अर्थ. शरीरात पाणी धरून ठेवण्यासाठी मेंदू एक संप्रेरक सोडतो. अल्कोहोल त्याला आवर घालते. त्यामुळे लघवी जास्त होते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तहान-थकव्याची जाणीव बोथट होते आणि सावलीत जावे हे भान सुटते. उष्माघाताला याहून सोयीची परिस्थिती कोणती?

इथेही तीव्रतेचाच मुद्दा येतो. ब्रिटनमधले संशोधक शिरेफ्स आणि मॉन यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम करून घाम गाळलेल्या लोकांना शून्य, एक, दोन आणि चार टक्के अल्कोहोल असलेली पेये दिली. दोन टक्क्यांपर्यंत फारसा फरक पडला नाही. चार टक्क्यांना मात्र लघवी वाढली आणि शरीरातले पाणी भरून यायला उशीर लागला. हा निष्कर्ष चार टक्क्यांचा होता. आपल्याकडची बाटली त्याच्या दुप्पट तीव्रतेची आहे आणि बाहेर पारा पंचेचाळीसवर. बव्हेरियातल्या बावीस अंशांच्या संध्याकाळचा अनुभव घेऊन अकोल्याच्या मे महिन्यातल्या दुपारी बाटली उघडणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून गाडी चालवणे आहे.

मुतखड्याचे ‘औषध’

वऱ्हाडात बिअरला आणखी एक प्रतिष्ठा आहे, ती औषधाची. ‘खडा आहे? दोन बिअर मार, पडून जाईल’ हा सल्ला कट्ट्यावर मिळतो आणि कधी कधी न पिणाऱ्यालाही पहिली बाटली याच सल्ल्याने हातात मिळते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावे खारपाणपट्ट्यात येतात. तिथे पिण्याच्या पाण्याची आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यांची चिंता जुनी आहे. अशा भागात हा सल्ला फार महागात पडू शकतो.

परदेशातला एक अभ्यास या सल्ल्याच्या समर्थनार्थ पुढे केला जातो. फिनलंडमधल्या पुरुषांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज बिअर पिणाऱ्यांत मुतखडा होण्याचा धोका कमी दिसला, हे खरे. पण ते सगळे धूम्रपान करणारे मध्यमवयीन आणि वृद्ध पुरुष होते, देश थंड होता, आणि अभ्यास नवा खडा होण्याचा होता. झालेला खडा पाडण्याचा नव्हे. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असेही नाही. खड्याला उतार पडतो तो लघवी पातळ राहिल्याने, आणि ते काम साधे पाणी बिअरपेक्षा चांगले करते. उलट बिअरमध्ये प्युरिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे आणि अल्कोहोलमुळेही रक्तातले युरिक आम्ल वाढते. त्यातून वातरक्ताचे, म्हणजे अंगठ्याच्या सांध्याचे दुखणे उसळते आणि युरिक आम्लाचे खडेही होऊ शकतात.

चार-पाच मिलिमीटरचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. त्याच काळात बिअर प्यायली असेल तर श्रेय बिअरला जाते. मोठा खडा वाटेत अडकला असेल, तर एकदम वाढलेल्या लघवीने मूत्रपिंडावरचा दाब आणि कळ दोन्ही वाढतात. खड्यासोबत ताप व थंडी वाजणे, लघवी बंद होणे किंवा उलट्या न थांबणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. तेव्हा बाटली शोधत बसलेला माणूस मूत्रपिंड गमावू शकतो. खड्याचा त्रास असलेल्याने दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्यासाठी बरेच जास्त पाणी लागते. लिंबाचे पाणी उपयोगी पडते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाण्याचे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

बॅगेतून काय आणावे?

टूरवर जाणाऱ्यांत साठीच्या आसपासचे बरेच असतात आणि मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या बॅगेत असतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, दिवसभर चालून, उपाशीपोटी बिअर घेतली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणे नशेसारखीच दिसतात, म्हणून सोबतचे हसत राहतात आणि वेळ निघून जाते. परक्या शहरात हे घडले तर निस्तरणे आणखी कठीण. निघण्यापूर्वी डॉक्टरांना हे विचारायला लाज बाळगू नये.

जे पीत नाहीत त्यांनी परदेशात गेलो म्हणून सुरुवात करण्याचे कारण नाही. तिकडच्या प्रत्येक खानावळीत बिनअल्कोहोलची बिअर आणि सफरचंदाचा रस मिळतो, आणि ते मागवणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. जे पितात त्यांनी तिकडच्या खेड्याकडून काही शिकायचेच असेल, तर तीन गोष्टी शिकाव्यात : पेयाची टक्केवारी वाचणे, तीव्रता वाढली की माप लहान करणे, आणि प्यायल्यावर गाडीला हात न लावणे.

सरकारनेही एक गोष्ट आणावी. मद्याच्या बाटलीवर किती ग्रॅम अल्कोहोल आणि किती उष्मांक आहेत हे छापावे, असा नियम आयर्लंडने २०२३ मध्ये केला. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण कल्पना बरोबर आहे. आपल्याकडच्या बाटलीवर ‘आठ टक्क्यांपर्यंत’ असे बारीक अक्षरांत असते आणि त्याचा अर्थ बहुतेकांना लागत नाही. ‘या बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे दोन लार्ज पेग’ असे ठळक मराठीत छापले, तर ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य उच्चारणे अवघड होईल. बाटलीतल्या ग्रॅमप्रमाणे कर आणि किंमत चढत गेली, तर कमी पैशांत जास्त नशा देणाऱ्या स्ट्राँग बाटलीचे आकर्षणही कमी होईल. कट्ट्यावरच्या सल्ल्यापेक्षा हे दोन उपाय वऱ्हाडातल्या तरुणांचे अधिक भले करतील.

आणि ज्या घरात ‘एखादी बिअर’ रोजची झाली आहे, सकाळी हात थरथरतात, त्या घराने तुलना थांबवून मदत घ्यावी. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडणे चांगले. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

पुढच्या जूनमध्ये बैठकीत पुन्हा ‘पाण्यासारखी पितात’ हे वाक्य निघेल. तेव्हा कोणी तरी विचारावे : किती टक्क्यांची होती, केवढा ग्लास होता, आणि घरी कसे गेले?